अपाचीचे वर्कर आत्ता काय करताहेत? छोट्या पायथॉन स्क्रिप्टने स्कोअरबोर्ड वाचण्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोल्हापूर परिसरात स्वतःचा सर्व्हर स्वतः सांभाळणाऱ्यांसाठी आहे. पतसंस्था, दूध संस्था, शिरोली-गोकुळ शिरगावच्या कारखान्यांची कामकाजाची सॉफ्टवेअरं, कॉलेजांची निकालाची पानं, गुळाच्या सौद्यांचे दर दाखवणाऱ्या साइट, असा सगळा पसारा साधारण २ कोअर आणि ४ जीबी रॅमच्या भाड्याच्या यंत्रावर चालतो. वर्षभर तो सुरळीत असतो आणि नेमक्या गर्दीच्या दिवशी तुंबतो. तुंबला की पहिला हात जातो तो अपाची या वेब सर्व्हरच्या वर्करची, म्हणजे एकेका विनंतीला उत्तर देणाऱ्या कामकऱ्यांची, मर्यादा वाढवण्याकडे. तो हात आधी थांबवा. वर्कर कशात अडकलेत हे कळल्याशिवाय मर्यादेला हात लावायचा नाही, आणि ते कळण्यासाठी पन्नास-साठ ओळींची स्क्रिप्ट पुरते.

इथे सूचनांची आणि मॉड्यूलची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. फाइलीत लिहिताना अर्थात मूळ रोमन स्पेलिंगच वापरायचं.

स्कोअरबोर्ड म्हणजे नेमकं काय?

अपाचीचा मूळ प्रोसेस आणि त्याचे सगळे वर्कर मिळून मेमरीचा एक सामायिक तुकडा वापरतात. त्यात प्रत्येक वर्करसाठी एक खण असतो. विनंती वाचायला घेतली, उत्तर पाठवायला लागलो, लॉग लिहितोय, मोकळा झालो, अशी आपली अवस्था वर्कर स्वतः त्या खणात नोंदवत राहतो. मूळ प्रोसेस याच नोंदी बघून ठरवतो की नवे वर्कर काढायचे की जास्तीचे आवरायचे. मॉड-स्टेटस हे मॉड्यूल तोच तक्ता आपल्याला वेबपानावर दाखवतं. पत्त्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह लावून ‘ऑटो’ लिहिलं की तीच माहिती स्क्रिप्टला वाचता येईल अशा साध्या ओळींत मिळते.

त्यातल्या अक्षरांचे अर्थ काय?

अंडरस्कोर म्हणजे वर्कर मोकळा आहे, गिऱ्हाइकाची वाट बघतोय. एस म्हणजे सुरू होतोय. आर म्हणजे विनंती वाचतोय. डब्ल्यू म्हणजे उत्तर पाठवतोय, पण यात ‘उत्तर तयार करतोय’ हेही येतं. पीएचपी चालू असताना, डेटाबेसची वाट बघताना, मागच्या सर्व्हरकडून काही येईपर्यंत वर्कर डब्ल्यूमध्येच दिसतो. के म्हणजे किप-अलाइव्ह: एक उत्तर देऊन झालं आणि त्याच जोडणीवर पुढची विनंती येईल म्हणून थांबलाय. डी म्हणजे डीएनएस, सी म्हणजे जोडणी बंद करणं, एल म्हणजे लॉग लिहिणं, जी म्हणजे हातातलं काम संपवून निघण्याच्या तयारीत, आय म्हणजे जास्तीचा म्हणून आवरला जाणारा. टिंब म्हणजे त्या खणात सध्या कुणीच नाही.

निदानाचं निम्मं काम या अक्षरांतच होतं. डब्ल्यूने भरलेला सर्व्हर आणि केने भरलेला सर्व्हर बाहेरून सारखेच मंद दिसतात, पण दोघांचे उपाय अगदी वेगळे.

काय काय लागतं?

पायथॉन ३, त्याच्या मूळ संचातलं युआरएललिब, आणि प्रोसेसची माहिती काढायला पीएसयूटिल ही छोटी लायब्ररी. डेबियन किंवा उबुंटूवर पीएसयूटिल एपीटीनेच घ्या. पॅकेजचं नाव पायथॉन३-पीएसयूटिल. डेबियन १२ किंवा उबुंटू २३.०४ आणि त्यापुढे पिपने थेट टाकायला गेलात तर ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ असं सांगून तो नकार देतो. तिथे जबरदस्तीचा पर्याय वापरू नका, यंत्रणेचं स्वतःचं पायथॉन बिघडू शकतं.

स्टेटस पान चालू कसं करायचं आणि बाहेरच्यांना कसं दिसू द्यायचं नाही?

डेबियन-उबुंटूवर मॉड-स्टेटस बहुतेक आधीच चालू असतं आणि फक्त त्याच यंत्रावरून दिसेल असं बांधलेलं असतं. रेडहॅटच्या घराण्यात मॉड्यूल लोड झालेलं असतं, पण पानाचा पत्ता स्वतः जोडावा लागतो.

सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे वेगळं दार. लिसन १२७.०.०.१:८०८१ अशी ओळ घाला, त्या पोर्टसाठी एक स्वतंत्र व्हर्च्युअल होस्ट करा आणि त्यात फक्त सर्व्हर-स्टेटसची लोकेशन ठेवा. हे पोर्ट बाहेरच्या जगाला ऐकूच येत नाही, त्यामुळे फायरवॉलची चूक झाली तरी पान उघडं पडत नाही.

‘रिक्वायर लोकल’ एवढ्यावर विसंबू नका. अपाचीच्या पुढे त्याच यंत्रावर एन्जिनएक्स किंवा वार्निश (विनंत्या आधी स्वतः घेऊन अपाचीकडे पाठवणारे सर्व्हर) बसवलेलं असेल, तर जगभरातून येणारी प्रत्येक विनंती अपाचीला १२७.०.०.१ वरून आल्यासारखी दिसते. मग ते पान सगळ्यांना खुलं होतं. त्यात लोकांचे आयपी पत्ते असतात आणि विनंत्यांचे पत्तेही असतात. मोबाइल नंबर किंवा टोकन पत्त्यातून पाठवणारं सॉफ्टवेअर असेल तर तेसुद्धा. हे करून झाल्यावर मोबाइलच्या इंटरनेटवरून ते पान एकदा उघडून बघाच.

एक्स्टेंडेड-स्टेटस वेगळं चालू करायची गरज नाही. २.४ मध्ये मॉड-स्टेटस लोड झालं की ते आपोआप चालू होतं. त्याचा भार प्रत्येक विनंतीमागे दोनदा वेळ बघण्याइतका, म्हणजे सोडून देण्यासारखा आहे.

स्टेटसऐवजी वर्डप्रेसचं ४०४ पान किंवा आमच्या साइटचं लॉगिन येतं. का?

मुळातल्या एचटीअ‍ॅक्सेस फाइलीतले रिराइट नियम तो पत्ता गिळतात. वेगळ्या पोर्टचा व्हर्च्युअल होस्ट केला आणि त्याचं डॉक्युमेंट रूट रिकाम्या फोल्डरवर ठेवलं की हा प्रश्न येतच नाही. एचटीटीपीएसकडे वळवणारा नियम असेल तर स्क्रिप्टला सर्टिफिकेट जुळत नसल्याची चूक मिळते. तिचंही मूळ हेच.

स्क्रिप्टच्या पायऱ्या सांगा.

१. युआरएललिबने १२७.०.०.१:८०८१ वरचं ऑटो पान मागवा. लोकलहोस्ट असं नाव लिहू नका. काही यंत्रांवर ते आधी आयपीव्ही६ कडे जातं आणि तिथे कुणी ऐकत नसतं. टाइमआउट ३ सेकंद ठेवा.

२. ऑफिसच्या जाळ्यात एचटीटीपी-प्रॉक्सी हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल लावलेला असेल, तर युआरएललिब तो मुकाट्याने उचलतं आणि स्वतःच्याच यंत्राची विनंती प्रॉक्सीकडे पाठवतं. म्हणून रिकाम्या डिक्शनरीचा प्रॉक्सी-हँडलर देऊन ओपनर बनवा.

३. आलेल्या मजकुराच्या ओळी करा आणि प्रत्येक ओळ पहिल्या ‘कोलन आणि जागा’ यावर एकदाच तोडा. एकदाच, कारण काही किमतींत कोलन असतो. उदाहरणार्थ, वेळ दाखवणाऱ्या ओळींत.

४. ‘स्कोअरबोर्ड’ या नावापुढची लांब माळ घ्या आणि कलेक्शन्समधल्या काउंटरला द्या. कुठलं अक्षर किती वेळा आलं ते हातात येतं.

५. ‘टोटल अ‍ॅक्सेसेस’ आणि ‘सर्व्हर अपटाइम सेकंद’ हे दोन आकडे जपून ठेवा.

६. वेळ, प्रत्येक अक्षराची संख्या आणि मागच्या फेरीपासून वाढलेल्या विनंत्या, अशी एक ओळ सीएसव्ही फाइलीत जोडा.

७. ५ सेकंद थांबा आणि पुन्हा.

पाच सेकंदांची फेरी क्रॉनला जमत नाही, त्याचा सगळ्यात लहान टप्पा एक मिनिटाचा. म्हणून स्क्रिप्ट सतत चालणारी ठेवा आणि सिस्टमडीची सेवा म्हणून बसवा, रिस्टार्ट ‘ऑलवेज’. दिवसाला १७,२८० ओळी होतात. ओळ ६० अक्षरांची धरली तर जेमतेम १ एमबी. महिनाभराचं ठेवायलाही जागा पुरते.

ऑटो पानावरच ‘रिक्वेस्ट पर सेकंद’ दिलेला असतो. तोच का घेऊ नये?

कारण ती सर्व्हर सुरू झाल्यापासूनची सरासरी आहे. वीस दिवस चालू असलेल्या सर्व्हरवर आत्ता विनंत्यांचा लोंढा आला तरी तो आकडा हलत नाही. सीपीयू लोडच्या ओळीचंही तेच. ताजा वेग हवा तर ‘टोटल अ‍ॅक्सेसेस’ची या फेरीतली वाढ काढा आणि मधल्या सेकंदांनी भागा. सर्व्हर रिस्टार्ट झाला की मोजणी शून्यापासून सुरू होते आणि वजाबाकी उणे येते. अपटाइम मागच्या वेळेपेक्षा कमी दिसला तर ती फेरी वगळा.

माळेत शंभरावर टिंबं आहेत. म्हणजे अजून शंभर जागा शिल्लक ना?

नाही. हा गैरसमज फार जणांना महागात पडतो.

माळेची लांबी मॅक्सरिक्वेस्टवर्कर्सवर, म्हणजे वर्करच्या मर्यादेच्या सूचनेवर, ठरत नाही. अपाचीत वर्कर चालवायच्या पद्धतीला एमपीएम म्हणतात: प्रीफोर्कमध्ये प्रत्येक वर्कर स्वतंत्र प्रोसेस असतो, इव्हेंटमध्ये एका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड. प्रीफोर्कमध्ये ती सर्व्हरलिमिटएवढी असते. सर्व्हरलिमिट मूळचं २५६ आणि डेबियनच्या फाइलीत मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स १५०, तर १०६ टिंबं कधीच भरणार नाहीत. इव्हेंट एमपीएममध्ये आणखी फसगत, कारण तिथे थ्रेडलिमिटचाही हिशेब येतो आणि कधीही वापरात न येणारे खण टिंब म्हणून दिसत राहतात. क्षमता नेहमी कॉन्फिग फाइलीतून घ्या आणि स्क्रिप्टला आकडा म्हणून द्या. मग ‘भरलेले भागिले मर्यादा’ हे गुणोत्तर खरं निघतं.

भरलेल्यांत स्क्रिप्टची स्वतःची विनंतीही धरली जाते. म्हणून अगदी शांत सर्व्हरवरही एक डब्ल्यू कायम दिसणार.

पाचच सेकंद का? मिनिटाला एकदा बघितलं तर नाही चालणार?

हिशेब करून बघा. भरलेल्या वर्करची सरासरी संख्या म्हणजे सेकंदाला येणाऱ्या विनंत्या गुणिले एका विनंतीला लागणारा वेळ. रांगांच्या शास्त्रात याला लिटलचा नियम म्हणतात. जॉन लिटल यांनी १९६१ मध्ये त्याची सिद्धता दिली.

समजा सेकंदाला १२ विनंत्या येतात आणि प्रत्येकीला पाव सेकंद लागतो. सरासरी ३ वर्कर भरलेले. आता डेटाबेसमधलं एखादं टेबल लॉक झालं आणि प्रत्येक विनंती ८ सेकंद थांबायला लागली. लागणारे वर्कर ९६. मर्यादा ४० ची असेल तर उरलेल्या ३७ जागा सेकंदाला १२ या वेगाने भरतात, म्हणजे तीन-सव्वातीन सेकंदांत खेळ खलास. मिनिटाला एकदा बघणाऱ्याला एका ओळीत ३ दिसतात आणि पुढच्या ओळीत थेट ४०. मधे काय झालं, आधी कुठलं अक्षर वाढलं, काहीच हाती लागत नाही.

सगळीकडे डब्ल्यूच डब्ल्यू दिसताहेत. आता काय?

या वेळी वर्करची मर्यादा वाढवली तर डेटाबेसवर आणखी तेवढेच जण एकदम चढाई करतात आणि परिस्थिती चिघळते. वर्कर कशाची वाट बघताहेत ते आधी शोधायचं.

ऑटो पानावर प्रत्येक वर्करची वेगळी माहिती नसते. त्यासाठी साधं एचटीएमएल पान उघडा. तिथे पीआयडी (प्रोसेसचा क्रमांक) आहे, एसएस या रकान्यात सध्याची किंवा शेवटची विनंती सुरू होऊन किती सेकंद झाले ते आहे, आणि विनंतीचा पत्ता आहे. एम रकान्यात डब्ल्यू आणि एसएस ३० च्या वर, अशा ओळी निवडा. पत्ता ६३ अक्षरांवर तुटतो. सगळे पत्ते सुरुवातीला सारखेच असतील तर सीरिक्वेस्टटेल चालू करा, मग शेवटची ६३ अक्षरं दिसतात.

पीआयडी हातात आला की तीन तपासण्या.

पहिली, पीएसयूटिलने त्या प्रोसेसचा सीपीयू टक्का बघा. पहिल्या हाकेला तो नेहमी ०.० सांगतो, कारण तुलनेला आधीचं माप नसतं. सेकंदभराने दुसऱ्यांदा विचारलं की खरा आकडा येतो. टक्का ९०-१०० असेल तर कोड गोल फिरतोय. शून्याजवळ असेल तर तो कुणाची तरी वाट बघतोय.

दुसरी, त्या प्रोसेसच्या जोडण्या काढा. पीएसयूटिल ६.० पासून या मेथडचं नाव नेट-कनेक्शन्स झालं आहे, जुन्या आवृत्तीत नुसतं कनेक्शन्स. ३३०६ पोर्टकडे जोडणी दिसली तर डेटाबेसवर संशय. पण पीएचपीत होस्ट ‘लोकलहोस्ट’ लिहिला असेल तर जोडणी युनिक्स सॉकेटने होते आणि ३३०६ कुठेच दिसत नाही. प्रकार ‘युनिक्स’ देऊनही विचारा. बाहेरच्या पत्त्यावर ४४३ ची जोडणी अडकलेली दिसली तर बहुधा एसएमएस किंवा पेमेंटवाल्याच्या सर्व्हरकडून उत्तर येत नाहीये, आणि आपल्या कोडमध्ये त्याला टाइमआउट दिलेला नाही.

तिसरी, रूट म्हणून एसट्रेस (प्रोसेस कर्नलकडे काय मागतोय ते दाखवणारं साधन) त्या पीआयडीला जोडा आणि दहा सेकंद बघा. ‘एफलॉक’वर थांबलेला दिसला तर तो पीएचपीचा सेशन लॉक.

हा सेशन लॉक इथल्या तुंबण्यांत वारंवार निघतो, म्हणून जरा सविस्तर. पीएचपी सेशन फाइलींत ठेवते आणि सेशन सुरू झाल्यापासून स्क्रिप्ट संपेपर्यंत ती फाइल कुलूपबंद असते. पावसाळ्यात नदीची पातळी दाखवणारं पान घ्या. पान उघडायला वेळ लागला की माणूस पुन्हा पुन्हा रिफ्रेश करतो, आणि पूर दारात असताना त्याला दोष कसा द्यायचा? प्रत्येक रिफ्रेशला नवा वर्कर लागतो. आधीचा सुटलेला नसतो, कारण समोरचा निघून गेला हे पीएचपीला काही तरी लिहायला जाईपर्यंत कळत नाही. एका माणसाच्या सात रिफ्रेशमध्ये एक वर्कर काम करतोय आणि सहा जण एकाच फाइलीच्या कुलपापाशी रांगेत. अशी सहा-सात माणसं झाली की ४० ची मर्यादा संपली.

उपाय दोन. सेशनमध्ये लिहून झालं की लगेच सेशन-राइट-क्लोज करा. आणि जे पान सगळ्यांना सारखंच दिसतं, पाण्याची पातळी असो की गुळाचे दर की गुणवत्ता यादी, त्यात सेशन सुरूच करू नका. दर दोन मिनिटांनी साधी एचटीएमएल फाइल बनवून ठेवा आणि तीच वाढा. साधी फाइल देणारा वर्कर क्षणात मोकळा होतो.

अडकलेली विनंती अ‍ॅक्सेस लॉगमध्ये दिसत का नाही?

लॉगची ओळ विनंती संपल्यावर लिहिली जाते, आणि अडकलेली संपलेलीच नसते. मॉड-लॉग-फॉरेन्सिक चालू केलं तर सुरुवातीला अधिक चिन्हाची आणि शेवटी उणे चिन्हाची ओळ पडते. अधिक आहे पण उणे नाही, ती अडकलेली. हे कायम चालू ठेवायचं काम नाही, शोधापुरतं.

के खूप दिसतात.

प्रीफोर्कवर असाल तर किप-अलाइव्हमध्ये थांबलेला वर्कर अख्खा अडकून पडतो. किपअलाइव्हटाइमआउट मूळचा ५ सेकंद असतो. कुणीतरी कधीतरी तो १५ किंवा ३० केलेला सापडतो. २ वर आणा. त्याहून चांगलं म्हणजे इव्हेंट एमपीएम आणि पीएचपी-एफपीएमकडे (पीएचपी अपाचीबाहेर वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवणारी सेवा) जा. तिथे नुसत्या थांबलेल्या जोडण्या एक लिसनर थ्रेड सांभाळतो आणि वर्कर मोकळे राहतात. इव्हेंटमध्ये के जवळपास दिसतच नाहीत. त्या जोडण्यांचे आकडे ऑटो पानावर ‘कॉन्स-असिंक’ने सुरू होणाऱ्या ओळींत बघा.

आर वाढलेत, पण विनंत्यांचा वेग वाढलेला नाही.

जोडणी उघडून कुणी तरी विनंती थेंबाथेंबाने पाठवतंय. गावाकडच्या कमजोर नेटवर्कवरून मोठे फोटो चढवणारे लोक असू शकतात, किंवा मुद्दाम केलेला स्लोलोरिससारखा हल्ला. एकाच आयपीवरून वीस-पंचवीस आर असतील तर दुसरी शक्यता. मॉड-रिक्वेस्ट-टाइमआउट चालू आहे का बघा. त्याचे मूळचे आकडे हेडरसाठी २० ते ४० सेकंद आणि किमान ५०० बाइट प्रतिसेकंद असे आहेत, ते ठीक आहेत.

रात्री ‘जी’ ही अक्षरं दिसतात आणि काही वेळा सकाळपर्यंत राहतात.

डेबियन-उबुंटूवर लॉग फिरवण्यासाठी रोज ग्रेसफुल रीलोड होतो. जुने वर्कर हातातलं काम संपवून जातात. एखादा मोठा डाउनलोड किंवा न संपणारी विनंती असेल तर तो वर्कर जी अवस्थेत आपला खण धरून बसतो. इव्हेंटमध्ये असे बरेच साठले की एरर लॉगमध्ये ‘स्कोअरबोर्ड इज फुल, नॉट अ‍ॅट मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स’ असा संदेश येतो, म्हणजे मर्यादा गाठलेली नसतानाही खण संपले. तो पीआयडी शोधून त्याच्या विनंतीचा बंदोबस्त करा. सर्व्हरलिमिट थोडं वाढवून ठेवणंही उपयोगी, पण ते रीलोडने लागू होत नाही, अपाची पूर्ण थांबवून सुरू करावा लागतो.

सी, एल, डी?

डी दिसला तर होस्टनेमलुकअप्स बंद करा किंवा ‘रिक्वायर होस्ट’चा नियम शोधा. एल साठले तर डिस्क भरली आहे का बघा, किंवा पाइपने जोडलेला लॉगवाला अडकलाय. सी थोडे असतातच.

वर्करची मेमरी कशी मोजायची? टॉपमध्ये दिसणारा आकडा चालेल का?

टॉपमधला आरएसएस, म्हणजे प्रोसेसने व्यापलेल्या रॅमचा आकडा, फसवतो. सगळ्या वर्करांत सामायिक असलेली पानं, म्हणजे अपाचीचा कोड, पीएचपीची लायब्ररी, ऑपकॅश, तो प्रत्येकाच्या नावावर पूर्ण मांडतो. चाळीस जणांनी मिळून घेतलेल्या विहिरीचं पाणी प्रत्येकाच्या सातबाऱ्यावर पूर्ण लावावं तसं. पीएसएस मात्र सामायिक पानं जेवढे वाटेकरी तेवढ्यांत विभागतो, म्हणून त्याची बेरीज खरी निघते.

पीएसयूटिलमध्ये प्रोसेस-इटर फिरवा. डेबियन-उबुंटूवर प्रोसेसचं नाव अपाची२, रेडहॅटकडे एचटीटीपीडी. प्रत्येकाची मेमरी-फुल-इन्फो घ्या आणि त्यातला पीएसएस जमवा. तीन गोष्टी सांभाळा. वर्कर मधेच मरू शकतो, तेव्हा ‘नो सच प्रोसेस’ ही चूक पकडून पुढे जा. रूट नसाल तर ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ येतं, म्हणून हा भाग वेगळ्या छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवून फक्त तोच रूट म्हणून चालवा. स्कोअरबोर्ड वाचणाऱ्या भागाला रूटची गरज नाही. आणि हे माप महाग आहे, कर्नलला प्रत्येक प्रोसेसचा नकाशा चाळावा लागतो, तेव्हा पाच मिनिटांतून एकदा पुरे.

मग मर्यादा किती ठेवायची?

४ जीबीच्या यंत्रावर समजा मारियाडीबीला १०२४ एमबी, यंत्रणा आणि इतर सेवांना ६००, आणि अडीअडचणीला ४०० राखले. ४०९६ मधून हे गेले की उरले २०७२. गर्दीच्या वेळी एका वर्करचा सरासरी पीएसएस ४५ एमबी आला असेल तर ४६ वर्कर बसतात. ४० ठेवा. आरएसएस ८० एमबी बघून भागलं असतं तर २५ वरच थांबला असता. आणि काहीच न मोजता मूळचे १५० ठेवले तर गर्दीत मेमरी संपते, कर्नलचा ओओएम किलर उठतो आणि बहुतेक वेळा सगळ्यात लठ्ठ प्रोसेस म्हणून डेटाबेसलाच मारतो. डीमेसेजमध्ये ‘आउट ऑफ मेमरी’ शोधा.

डेटाबेसच्या जोडण्यांशीही मेळ घाला. मायएसक्यूएल आणि मारियाडीबीत मॅक्स-कनेक्शन्स मूळचं १५१ असतं. त्याहून जास्त वर्कर ठेवले तर ‘टू मेनी कनेक्शन्स’ येणारच.

खरी गर्दी आली तेव्हा स्क्रिप्टलाच उत्तर मिळालं नाही.

मिळणार नाहीच. स्टेटसचं पानही एखाद्या वर्करलाच द्यावं लागतं, आणि सगळे भरलेले असतील तर तुमची विनंतीही बाकीच्यांसारखी रांगेत. वेगळं पोर्ट केलं तरी वर्करांचा ताफा एकच असतो. म्हणून टाइमआउटची फेरी गाळू नका. सीएसव्हीत ‘टाइमआउट’ अशी ओळ लिहा आणि ती पूर्ण भरल्याची खूण समजा. फाइलीतली सगळ्यात मोलाची ओळ तीच.

त्या वेळी अपाचीला न विचारता बाहेरून बघायचं साधन म्हणजे एसएस ही आज्ञा. ऐकणारे टीसीपी सॉकेट मागवा. ८० आणि ४४३ समोरच्या रिसीव्ह-क्यूमधला आकडा म्हणजे दारात ताटकळणाऱ्या जोडण्या. अपाचीचा लिसनबॅकलॉग, म्हणजे या रांगेची कमाल लांबी, मूळचा ५११ असतो, पण लिनक्सचं सोमॅक्सकॉन त्याहून कमी असेल तर तेच लागू होतं. कर्नल ५.४ च्या आधी ते १२८ होतं. एरर लॉगमध्ये ‘सर्व्हर रीच्ड मॅक्सरिक्वेस्टवर्कर्स सेटिंग’ ही ओळही शोधा. मर्यादा पहिल्यांदा गाठल्यावर ती एकदाच पडते, दर वेळी नाही, म्हणून तिच्या संख्येवरून काही ठरवू नका.

इशारा कधी द्यायचा?

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. अशा दोन पायऱ्या इथेही ठेवा. भरलेल्यांचं प्रमाण ७० टक्क्यांवर गेलं आणि सलग तीन फेऱ्या तिथेच राहिलं तर इशारा. ९० टक्क्यांवर गेलं किंवा एकही टाइमआउट आला तर धोका, लगेच. इशारा मागे घ्यायचा तो ५५ च्या खाली आल्यावर, नाहीतर ६९-७१ च्या मधे हेलकावणारा सर्व्हर रात्रभर फोन वाजवत राहील.

पावसाळ्यात इथे कुणीही ‘पाणी किती फुटांवर?’ विचारून थांबत नाही, ‘तासाला किती चढतंय?’ हे पुढे विचारतंच. स्क्रिप्टलाही तेच विचारायला लावा. तीन फेऱ्यांत भरलेले वर्कर दुपटीहून वाढले आणि विनंत्यांचा वेग तेवढाच राहिला, तर मागे काहीतरी अडलंय. हा इशारा अनेकदा ७० टक्क्यांच्या आधीच मिळतो आणि सगळ्यात उपयोगी पडतो. संदेशात नुसता टक्का पाठवू नका, अक्षरांची संख्याही पाठवा: ‘डब्ल्यू २९, के ३, आर १’. फोन हातात घेणाऱ्याला कुठून सुरुवात करायची ते कळतं.

आमच्याकडे पीएचपी-एफपीएम आहे. मग?

तर दोन्ही बघायला हवं. अपाचीचा डब्ल्यू म्हणजे तिथे बहुधा ‘एफपीएमची वाट बघतोय’. पूलच्या फाइलीत पीएम-स्टेटस-पाथ द्या आणि जेसन मागवा. ‘लिसन क्यू’ शून्यावर नसेल तर एफपीएमचे प्रोसेस कमी पडताहेत. ‘मॅक्स चिल्ड्रन रीच्ड’ हा आकडा सुरू झाल्यापासूनचा आहे, त्याचीही वजाबाकीच घ्या. पीएचपी ८.० पासून पीएम-स्टेटस-लिसन देऊन स्टेटससाठी वेगळं सॉकेट ठेवता येतं आणि पूल भरला असतानाही उत्तर मिळतं. अपाचीत ही सोय नाही, म्हणून इथे ती जरूर वापरा.

एन्जिनएक्सला हीच स्क्रिप्ट चालेल?

नाही. तिथे एकेक वर्कर हजारो जोडण्या सांभाळतो, ‘भरलेला वर्कर’ ही कल्पनाच लागू पडत नाही. स्टब-स्टेटसमधून रीडिंग, रायटिंग, वेटिंग घ्या. ‘अ‍ॅक्सेप्ट्स’ आणि ‘हँडल्ड’ या आकड्यांत फरक पडायला लागला तर जोडण्या टाकून दिल्या जाताहेत.

पर्लमध्ये यासाठी तयार मॉड्यूल आहे ना?

आहे, अपाची::स्कोअरबोर्ड. मॉड-पर्लबरोबर वापरायचं. ते सामायिक मेमरीचं चित्रच घेतं, त्यामुळे एचटीएमएल न चाळता प्रत्येक वर्करची अवस्था, विनंती आणि गिऱ्हाइकाचा पत्ता मिळतो. मॉड-पर्ल आधीच चालू असेल तर छान. केवळ यासाठी बसवू नका.

बसवलेलं बरोबर चालतंय हे कसं तपासायचं?

दहा सेकंद झोपणारं एक पीएचपी पान बनवा, सेशन न उघडता. दुसऱ्या यंत्रावरून अपाचीबेंचने त्याच्यावर एकावेळी २० अशा ६० विनंत्या पाठवा. प्रीफोर्कवर सीएसव्हीत डब्ल्यू २१ दिसायला हवेत, वीस त्या आणि एक स्क्रिप्टची स्वतःची, आणि साधारण अर्धा मिनिट तसेच राहायला हवेत. मग तोच प्रयोग मर्यादेपेक्षा दहाने जास्त एकावेळी लावून करा आणि ‘टाइमआउट’ची ओळ पडते का, धोक्याचा संदेश फोनवर येतो का, ते बघा. हे रात्री करा, स्वतःच्याच सर्व्हरवर करा, आणि झाल्यावर ते झोपणारं पान काढून टाकायला विसरू नका. बाहेरच्या कुणाला त्याचा पत्ता लागला तर चाळीस विनंत्यांत सर्व्हर बंद पाडायचं साधन आपणच त्याच्या हाती दिलेलं असतं.

गुळाच्या दरांचं पान असेल तर ही चाचणी दिवाळी पाडव्याच्या मुहूर्ताच्या सौद्याआधी आठवडाभर करा, आणि पातळीचं पान असेल तर मे महिन्यातच.